निसर्गाच्या धर्तीवरचा पुनरुज्जीवक व्यवसाय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवा उद्योग काढणारे, मोठ्या कंपनीत पर्यावरणाचं काम सांभाळणारे आणि नुसतं कुतूहल असलेले, अशा सगळ्यांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, काही दोन ओळींत आटोपली आहेत.

पुनरुज्जीवक व्यवसाय म्हणजे नेमकं काय?

ज्या माती, पाणी, जंगल आणि माणसांच्या जिवावर धंदा चालतो, त्यांची स्थिती धंदा चालल्यामुळेच सुधारत जाते असा व्यवसाय. दहा वर्षांनी त्या जागेचं भूजल, जमिनीतला सेंद्रिय कर्ब (कार्बन), कच्चा माल पुरवणाऱ्यांची परिस्थिती आधीपेक्षा बरी दिसायला हवी आणि त्याचं कारण रोजच्या कामात असायला हवं. नफ्यातला वाटा काढून झाडं लावणं ही देणगी. देणगी चांगलीच, पण मंदी आली की पहिली कात्री तिलाच लागते.

हा विचार आधी शेतीत रुजला. अमेरिकेतल्या रोडेल इन्स्टिट्यूटच्या रॉबर्ट रोडेल यांनी १९८०च्या दशकात 'रिजनरेटिव्ह' शेतीची मांडणी केली: रसायनं टाळून भागत नाही, पीक निघाल्यावर जमीन आधीपेक्षा कसदार असली पाहिजे. पुढे, जेपी मॉर्गन या बँकेतून बाहेर पडलेल्या जॉन फुलरटन यांनी २०१५मध्ये हीच कसोटी भांडवलाला लावून पाहिली.

शाश्वत, चक्रीय आणि पुनरुज्जीवक यांत फरक काय?

शाश्वत व्यवसाय नुकसान कमी करतो, जमलं तर शून्यावर आणतो. चक्रीय व्यवसाय माल फेकू देत नाही, पुन्हा फिरवतो. पुनरुज्जीवक व्यवसायात आधार, म्हणजे माती, पाणी, जंगल आणि माणसं, किती सुधारला हे पाहिलं जातं. एकच कंपनी तिन्ही करू शकते, पण एकाच्या नावावर दुसरं खपवलंही जातं. एखादं विषारी प्लास्टिक दहा वेळा फिरवता येईल. चक्र पूर्ण झालं, नदीला मात्र त्याचा काही उपयोग नाही.

चक्राचीही आजची स्थिती फार बरी नाही. २०२३च्या 'सर्क्युलॅरिटी गॅप' अहवालानुसार जगाच्या अर्थव्यवस्थेत जाणाऱ्या मालापैकी ७.२ टक्केच पुनर्वापरातून येतो. २०१८च्या अहवालात हा आकडा ९.१ टक्के होता. एकूण उपसाच वाढत गेला, शिवाय बराचसा माल इमारती आणि रस्त्यांत वर्षानुवर्षं अडकून पडतो, तो फिरवायला हाती येतच नाही.

बुलेट ट्रेनचं नाक खंड्याच्या चोचीसारखं केलं, तेच हे ना?

नाही. ती आकाराची नक्कल. जपानी अभियंते एइजी नाकात्सु पक्षिनिरीक्षक होते. वेगात बोगद्यातून बाहेर पडताना गाडीचा स्फोटासारखा आवाज व्हायचा. खंड्या पाण्यात सूर मारताना फारसं पाणी उडवत नाही, हे पाहून ५०० मालिकेच्या शिंकान्सेनचं नाक लांब आणि निमुळतं केलं गेलं. ती गाडी १९९७मध्ये धावायला लागली. त्याच वर्षी अमेरिकन लेखिका जनीन बेन्यस यांनी निसर्गानुकरणाची कल्पना, म्हणजे बायोमिमिक्री, पुस्तकरूपाने मांडली.

बेन्यस नकलेच्या तीन पायऱ्या सांगतात. पहिली आकाराची. दुसरी प्रक्रियेची: कोळी आपला मजबूत धागा पाण्याच्या माध्यमात, शरीराच्या साध्या तापमानाला बनवतो, भट्टी लागत नाही. तिसरी परिसंस्थेची: कोण कोणाला काय देतो, उरलेलं कुठे जातं, वाढ कुठे थांबते. व्यवसायाचं मॉडेल या तिसऱ्या पायरीवर येतं. पहिल्या पायरीवर थांबलेली कंपनी उत्तम उत्पादन काढू शकते आणि तरीही तळं आटवू शकते.

मग जंगलातून धंद्याने शिकायचं काय?

माझ्या मते चार गोष्टी, आणि चारही वाटतात तितक्या गोड नाहीत.

पदार्थ फिरतात, ऊर्जा फिरत नाही. गवतातली ऊर्जा हरणात, हरणातली वाघात जाताना प्रत्येक टप्प्यावर ढोबळमानाने दहा टक्केच पुढे सरकते, बाकीची वापरात आणि उष्णतेत जाते. जंगलाचं भागतं, कारण ऊन रोज नव्याने येतं. त्यामुळे कोळशाच्या विजेवर चालणाऱ्या पुनर्वापर कारखान्याने निसर्गाचं अर्धंच ऐकलेलं असतं.

दुसरी गोष्ट भागीदारीची. बहुतेक झाडांच्या मुळांवर मायकोरायझा बुरशी असते. ती फॉस्फरस आणि पाणी आणून देते, झाड तिला साखर देतं. प्रकाशसंश्लेषणातून मिळालेल्या कर्बाचा पाचवा हिस्सादेखील तिच्याकडे जाऊ शकतो. पण जमिनीत खताचा फॉस्फरस भरपूर असला की झाड हात आखडता घेतं. भागीदारी चांगुलपणावर टिकलेली नसते, दोघांच्या गरजेवर टिकलेली असते. 'आई झाडं' बुरशीच्या जाळ्यातून पिल्लांना भरवतात, ही गोष्ट व्याख्यानांतून फार रंगवली जाते. २०२३मध्ये त्याच क्षेत्रातल्या संशोधकांनी आढावा घेऊन दाखवलं की प्रत्यक्ष जंगलातले पुरावे त्या दाव्यांना पुरे पडत नाहीत. पुरवठादारांशी नातं बांधताना भावनेपेक्षा देवाणघेवाणीचा हिशेब पाहा, एवढं मात्र त्या बुरशीकडून नक्की घेता येतं.

तिसरी, मोकळी जागा. अमेरिकन परिसंस्था-अभ्यासक रॉबर्ट उलानोविच यांनी अन्नजाळ्यांच्या प्रवाहांचं गणित मांडलं. टिकणाऱ्या परिसंस्था अगदी काटेकोरही नसतात आणि अगदी पसरटही नसतात. त्यांच्यात एकाच कामाच्या दोन-तीन वाटा शिल्लक असतात. एकाच स्वस्त पुरवठादारावर सगळा डोलारा उभा करणारी कंपनी नेमक्या या वाटा बंद करत असते.

चौथी, वाढ थांबण्याची. तिच्याकडे पुढे वेगळ्या प्रश्नात येऊ.

निसर्गात कचरा नसतो, हे खरं आहे का?

दीर्घ पल्ल्यात बऱ्याच अंशी खरं, पण त्या पल्ल्यात माणूस बसत नाही. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी सायनोबॅक्टेरिया या प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या सूक्ष्मजीवांनी सोडलेला ऑक्सिजन वातावरणात साचायला लागला. त्या काळच्या बहुतेक सूक्ष्मजीवांसाठी तो विषारी कचराच होता. त्याचा वापर करणारे जीव पुढे फोफावले खरे, पण मधला काळ कोट्यवधी वर्षांचा. 'आज ना उद्या कुणीतरी हा कचरा खाईल' या भरवशावर प्लास्टिक बनवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

धंद्यासाठी उपयोगी नियम साधा आहे: ज्याला घेणारा आज शोधता येत नाही, असा पदार्थ बनवायच्या आधीच थांबावं.

निसर्ग अत्यंत कार्यक्षम असतो ना?

शेतातलं सर्वसाधारण पीक वर्षभरात मिळालेल्या सूर्यप्रकाशाचा जेमतेम एक टक्का भाग वनस्पतीत साठवतं. सौर पॅनल त्याहून कितीतरी पुढे आहेत. पण पानाला पेरणी, दुरुस्ती आणि विल्हेवाट यांचा वेगळा खर्च नाही. ते स्वतः उगवतं आणि गळून मातीत जातं.

कारखान्यांच्या बाबतीत हे कुठे झालंय का?

सगळ्यात जुनं आणि नीट नोंदलेलं उदाहरण डेन्मार्कमधलं कालुंडबोर्ग. समुद्रकाठचं छोटं औद्योगिक शहर. गंमत अशी की तिथे कोणीही परिसंस्था उभारायला बसलं नव्हतं. भूजल अपुरं होतं म्हणून १९६१च्या सुमारास तेल शुद्धीकरण कारखान्यासाठी टिसो तलावातून पाणी आणलं गेलं. १९७२मध्ये शुद्धीकरण कारखान्यात नुसता जाळून टाकला जाणारा वायू जिप्समचे बोर्ड बनवणाऱ्या शेजारच्या कारखान्याने घेतला, कारण त्यांना बोर्ड वाळवायला उष्णता लागत होती. इन्सुलिन आणि एन्झाइम बनवणाऱ्या नोव्हो कंपनीचा किण्वनातून उरणारा गाळ शेतकऱ्यांकडे खत म्हणून जायला लागला. १९८०च्या दशकात आस्नेस वीजकेंद्रातली वाफ पाइपातून नोव्होला आणि शुद्धीकरण कारखान्याला मिळू लागली. १९९३पासून वीजकेंद्राच्या धुरातलं गंधक काढताना तयार होणारं जिप्सम बोर्डवाल्यांकडे जाऊ लागलं.

प्रत्येक व्यवहार दोघांमधला, प्रत्येकाने स्वतःचा खर्च वसूल केलेला. या सगळ्याला 'सिम्बायोसिस', म्हणजे सहजीवन, हे नाव मिळालं ते १९८९मध्ये, म्हणजे पहिल्या पाइपानंतर जवळजवळ तीस वर्षांनी.

मग इतर ठिकाणी इको-इंडस्ट्रियल पार्क, म्हणजे एकमेकांचा कचरा वापरणाऱ्या कारखान्यांच्या वसाहती, आखून का जमत नाहीत? कालुंडबोर्गमध्ये कारखाने एकमेकांपासून जवळ होते आणि वाफ लांब नेता येत नाही. काही किलोमीटरांत ती थंड होते, पाण्याचे थेंब धरते आणि पाइपाचा खर्च डोक्यावर बसतो. त्याहून महत्त्वाचं, गाव लहान असल्याने व्यवस्थापक एकमेकांना ओळखत होते. 'माझ्याकडे अमुक इतकं कोमट पाणी रोज जातंय' हे स्पर्धकाला सांगायला लाज वाटावी असं काही नव्हतं, कारण तिथे कुणी कुणाचा स्पर्धकच नव्हता: तेल, औषध, बोर्ड, वीज, सगळे धंदे वेगळे. कागदावर आखलेल्या पार्कात हीच गोष्ट हातात नसते.

आता त्याची दुसरी बाजू. दगडी कोळसा जळतो म्हणून ते जिप्सम मिळतं. आस्नेसने कोळसा सोडून लाकडी चिप्स घेतल्या, युरोपभर कोळशावरची वीजकेंद्रं बंद होत आहेत, आणि धुरातल्या जिप्समवर अवलंबून असलेल्या बोर्ड उद्योगाला नवा कच्चा माल शोधावा लागतो आहे. दुसऱ्याच्या कचऱ्यावर धंदा उभा केला की त्याने कचरा थांबवू नये अशी इच्छा आपल्याला होऊ लागते. म्हणून मी कालुंडबोर्गला चक्रीय म्हणेन. पुनरुज्जीवक म्हणायला तिथल्या खाडीचं आणि भूजलाचं काय झालं तेही मांडावं लागेल.

एका कंपनीचं उदाहरण सांगाल का, ज्यात यश आणि अपयश दोन्ही दिसेल?

इंटरफेस. अमेरिकेत अटलांटा इथे मुख्यालय, गालिच्याच्या टाइल्स बनवणारी कंपनी. पेट्रोलियमवर पोसलेला धंदा. संस्थापक रे अँडरसन यांना १९९४मध्ये आपल्याच लोकांपुढे पर्यावरण धोरणावर बोलायचं होतं आणि बोलायला काही नव्हतं. पॉल हॉकन यांचं धंदा आणि पर्यावरण यांवरचं पुस्तक हाती आलं आणि त्यांनी कंपनीची दिशा बदलायचं ठरवलं.

डिझाइनरांना जंगलात पाठवलं गेलं. जमिनीकडे पाहून त्यांच्या लक्षात आलं की तिथली कुठलीच दोन पावलांची जागा सारखी नाही, तरी डोळ्याला काही खटकत नाही. त्यातून २०००च्या सुमारास 'एन्ट्रॉपी' ही टाइल आली. प्रत्येक टाइलचा रंग आणि नक्षी थोडी वेगळी. याचा अर्थ बसवणाऱ्याच्या दृष्टीने बघा. एरवी गालिच्याच्या टाइल्स एकाच रंगाच्या घाण्यातल्या लागतात, बाण पाहून एकाच दिशेने लावाव्या लागतात आणि कोपऱ्यात कापलेला तुकडा फेकून द्यावा लागतो. एन्ट्रॉपीची टाइल कशीही फिरवून लावा, उरलेला तुकडा दुसरीकडे वापरा, आणि पाच वर्षांनी एका टाइलवर शाई सांडली तर तेवढीच बदला. नवी टाइल जुन्यांत उठून दिसत नाही. रंगाच्या दोषामुळे नाकारला जाणारा माल घटला, बसवतानाची नासाडी घटली. पुढे जमिनीला गोंद फासण्याऐवजी टाइल्स एकमेकींना जोडणारे छोटे चिकट चौकोन आले.

हे यश. अपयश म्हणजे 'एव्हरग्रीन लीज'. १९९०च्या दशकाच्या मध्यात कंपनीने गालिचा विकायचाच नाही असं ठरवलं. दरमहा भाडं, देखभाल कंपनीची, झिजलेल्या टाइल्स परत घेऊन पुन्हा कच्चा माल. ऐकायला निसर्गाच्या चक्रासारखं. गिऱ्हाइकं मात्र फारशी मिळाली नाहीत. गालिच्याची खरेदी एका खात्यातून व्हायची, त्याची साफसफाई दुसऱ्याच खात्यात दडलेली असायची. भाड्याने दोन्ही एकत्र दाखवल्यावर ते महाग दिसायला लागलं. शिवाय तेव्हा जुन्या टाइलपासून नवी टाइल बनवायचं तंत्र पुरेसं पिकलेलं नव्हतं, त्यामुळे परत आलेल्या मालाला किंमत नव्हती. कल्पना बरोबर असूनही ती गिऱ्हाइकाच्या जमाखर्चाच्या वहीत बसली नाही.

पुढे 'फॅक्टरी ॲज अ फॉरेस्ट' हा उपक्रम त्यांनी सुरू केला. त्याबद्दल मोजमापाच्या प्रश्नात.

म्हणजे वस्तू न विकता सेवा विकणं हे चुकीचंच?

तसं नाही, कुठे चालतं ते पाहावं लागतं. विमानाची इंजिनं तासाच्या हिशेबाने वापरायला देण्याची पद्धत १९६०च्या दशकापासून आहे आणि ती रुजली, कारण इंजिन महाग असतं, नीट मोजता येतं आणि बंद पडलं तर दोघांचंही नुकसान होतं. ॲम्स्टरडॅमच्या स्किपोल विमानतळावर २०१५मध्ये फिलिप्सने दिवे न विकता प्रकाश द्यायचा करार केला. दिव्यांची मालकी कंपनीकडेच राहिल्यामुळे बिघडणारे भाग सहज काढता यावेत असे दिवे घडवणं तिच्याच फायद्याचं झालं. स्वस्त, रोज तुडवल्या जाणाऱ्या आणि परत आल्यावर कवडीमोल असलेल्या वस्तूला हे मॉडेल लावलं की हात पोळतात.

कच्चा माल शेतातून येणाऱ्या कंपनीने काय करावं?

फ्रान्समधल्या व्हिटेलची गोष्ट नीट पाहावी. तिथे झऱ्याचं पाणी बाटलीत भरून विकतात. १९८०च्या दशकात आजूबाजूच्या शेतांतून, विशेषतः मक्याच्या आणि गुरांच्या शेणखताच्या वापरातून, नायट्रेट भूजलात उतरायला लागलं. पाण्याला प्रक्रिया केली तर ते 'नैसर्गिक मिनरल वॉटर' राहत नाही. कायद्याचीच तशी अट. म्हणजे पाणी गाळून घेण्याचा मार्ग बंद.

कंपनीने फ्रान्सच्या कृषी संशोधन संस्थेला बरोबर घेऊन शेतकरी मुळात असे का वागतात याचा काही वर्षं अभ्यास केला. १९९२मध्ये ॲग्रिव्हेर नावाची वेगळी संस्था काढली. करार १८ आणि ३० वर्षांचे. मका बंद, गुरांना कुरणाचा चारा, शेणाचं कंपोस्ट करूनच शेतात टाकायचं. बदल्यात सुरुवातीच्या वर्षांत हेक्टरी पैसे, गोठ्याच्या सुधारणेचा खर्च, जमीन घेताना झालेल्या कर्जातून सुटका आणि कंपोस्ट पसरवायला फुकट मजूर. शेतकऱ्याला पैशापेक्षा जमिनीचं कर्ज आणि मजुरांची टंचाई बोचत होती, हे त्या अभ्यासाशिवाय कळलं नसतं.

नायट्रेटचा प्रश्न आटोक्यात आला. पण त्याच भागातल्या खोल भूजलाची पातळी घटत असल्यावरून पुढे कंपनीच्या उपशावर मोठा वाद झाला. पाण्याची गुणवत्ता राखणं आणि पाणी राखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुनरुज्जीवक म्हणवायचं तर दोन्ही लागतात.

चराईच्या शेतीत कर्ब साठतो म्हणतात. खरंच तेवढा साठतो का?

साठतो, पण जमीन किती लागते ते विचारा. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात व्हाइट ओक पाश्चर्स नावाचं शेत आहे, अनेक प्रकारची जनावरं आळीपाळीने चारणारं. त्यावरच्या २०२०च्या अभ्यासात मातीतला कर्ब धरल्यावर निव्वळ उत्सर्जन नेहमीच्या पद्धतीपेक्षा ६६ टक्के कमी निघालं. त्याच अभ्यासात असंही निघालं की तेवढ्याच मांसासाठी अडीच पट जमीन लागते. जाहिरातींत पहिला आकडा दिसतो, दुसरा दिसत नाही. त्यात मातीचा कर्ब काही दशकांनी एका पातळीला येऊन थांबतो, आणि पुन्हा नांगरली की बाहेरही पडतो.

यात नफा होतो का? किती थांबावं लागतं?

होतो, पण उशिरा आणि वेगळ्या खात्यात. नासाडी कमी झाल्याचा फायदा पहिल्याच वर्षी दिसतो; इंटरफेसने बाकीच्या बदलांचा बराच खर्च त्यातूनच भागवला. माती, पाणी आणि पुरवठादार सुधारल्याचा फायदा मात्र जोखीम कमी झाल्याच्या रूपाने येतो, आणि न आलेल्या संकटाला ताळेबंदात ओळ नसते.

म्हणून मला वाटतं, या सगळ्या विषयाचा कणा तंत्रज्ञानात नाही, पैशाच्या सबुरीत आहे. दानोन या फ्रेंच अन्नकंपनीचं पाहा. जून २०२०मध्ये भागधारकांनी ९९ टक्क्यांहून अधिक मतांनी कंपनीला 'ध्येयाधिष्ठित कंपनी' (नफ्याबरोबर सामाजिक आणि पर्यावरणीय ध्येयही बांधून घेणारी) हा कायदेशीर दर्जा द्यायला मंजुरी दिली. शेतीच्या पुनरुज्जीवनावर भर देणारे प्रमुख इमॅन्युएल फेबर तेव्हा कौतुकाचे धनी होते. स्पर्धकांच्या तुलनेत कामगिरी मागे पडतेय म्हणून काही गुंतवणूकदार संस्थांनी दबाव आणला आणि मार्च २०२१मध्ये त्यांना जावं लागलं. नऊ महिने. एवढ्यात जमिनीत एक टक्का सेंद्रिय कर्बही वाढत नाही.

मग मालकीच बदलावी लागते का?

प्रत्येकाला नाही, पण ज्यांना दीर्घकाळ जमलं त्यांच्यात मालकीची रचना वेगळी असलेले बरेच सापडतात. एर्न्स्ट आबे यांनी १८८९मध्ये जर्मनीत कार्ल झाइस फाउंडेशन स्थापन केलं आणि भिंगांच्या कंपनीची मालकी त्याच्याकडे सोपवली. बॉश कंपनीत जवळपास ९४ टक्के भांडवल धर्मादाय संस्थेकडे आहे, मतांचा अधिकार मात्र वेगळ्या ट्रस्टकडे. पॅटागोनिया या अमेरिकन कपड्यांच्या कंपनीने सप्टेंबर २०२२मध्ये असाच मार्ग घेतला: मताधिकार असलेले २ टक्के शेअर एका ट्रस्टकडे, बाकीचे ९८ टक्के निसर्गरक्षणासाठीच्या संस्थेकडे. या रचनांमुळे कंपनी आपोआप हिरवी होत नाही, बॉश आणि झाइसही तसा दावा करत नाहीत. पण कुणी उठून पुढच्या तिमाहीसाठी ती विकू शकत नाही.

निसर्गाप्रमाणे वाढ थांबवायची का?

परिसंस्था-अभ्यासक यूजीन ओडम यांनी १९६९मध्ये 'सायन्स' या शोधपत्रिकेत दाखवलं की तरुण परिसंस्थेत जेवढं बनतं त्यापेक्षा कमी खर्च होतं, त्यामुळे ती वाढते. प्रौढ जंगलात जवळजवळ सगळं उत्पादन देखभालीत जातं. पहिल्या वर्षांत कंपनीने वाढू नये असं म्हणणं वेडेपणाचं. पण कुठल्या टप्प्यावर नफा देखभालीकडे वळवायचा, हे आधी ठरवून लिहून ठेवलेलं बरं. नंतर ठरवायला कुणाला सवड नसते.

मोजायचं कसं?

आधी तुलनेची जागा ठरवा. 'फॅक्टरी ॲज अ फॉरेस्ट'मध्ये बेन्यस यांच्या गटाने इंटरफेसबरोबर केलं ते असं: कारखान्याजवळचं निरोगी जंगल शोधायचं आणि ते किती पाऊस मुरवतं, किती कर्ब साठवतं, दुपारी हवा किती थंड ठेवतं, किती जीवांना आसरा देतं ते मोजायचं. कारखान्याच्या आवाराचं लक्ष्य तेच. 'जगाच्या सरासरीपेक्षा बरे' असल्या दाव्यांपेक्षा हे अवघड आहे आणि म्हणूनच प्रामाणिक आहे.

मातीबद्दल सावध राहा. एकाच शेतात दहा पावलांवर कर्ब बदलतो. नांगरणी थांबवली की कर्ब वरच्या थरात जमा होतो, खालच्या थरात कधी घटतो; वरचेच काही सेंटिमीटर तपासले तर आकडा सुंदर येतो. दरवेळी तोच हंगाम, तीच खोली, मातीची घनता सोबत नोंदलेली, आणि किमान पाचेक वर्षांचं अंतर. दरवर्षी वाढ दाखवणारा मातीचा अहवाल दिसला की मी तरी भुवया उंचावतो.

प्रमाणपत्र घ्यावं का?

शेतमाल असेल तर 'रिजनरेटिव्ह ऑरगॅनिक सर्टिफाइड' हे त्यातल्या त्यात कडक आहे. ते आधी सेंद्रिय प्रमाणपत्र मागतं, मग माती, प्राणी आणि मजूर तिन्ही तपासतं. संपूर्ण कंपनीला 'पुनरुज्जीवक' ठरवणारं सर्वमान्य प्रमाणपत्र नाही. युरोपीय संघाचा २०२४चा निर्देश २७ सप्टेंबर २०२६पासून लागू होतो आणि पुराव्याविना केलेल्या 'पर्यावरणस्नेही'सारख्या मोघम दाव्यांना मनाई करतो.

पोकळ दावा कसा ओळखायचा?

जागेचं नाव नसतं. 'आम्ही माती सुधारतो' म्हणतात, पण कुठली, केव्हापासून, किती खोलीपर्यंत तपासलेली, हे कुठेच नाही. दुसरी खूण, एका छोट्या प्रयोगाचे फोटो आणि बाकीच्या ९५ टक्के मालाबद्दल मौन. तिसरी माझ्या दृष्टीने सगळ्यात पक्की: पुरवठादाराशी करार एका वर्षाचा आणि वचन वीस वर्षांचं.

वाळवीच्या वारुळावरून बांधलेली इमारत खोटी निघाली म्हणतात, ते काय?

इमारत खोटी नाही. झिंबाब्वेत हरारे इथलं ईस्टगेट सेंटर मिक पिअर्स यांनी डिझाइन केलं, १९९६मध्ये पूर्ण झालं. जाड भिंती दिवसा उष्णता धरतात, रात्री थंड हवा आत खेळवून ती उष्णता बाहेर काढतात; नेहमीचं वातानुकूलन लागत नाही. पण वारुळ उष्ण हवा वर जाऊन थंड होतं, अशी त्या वेळची समजूत होती. नंतरच्या संशोधनात दिसलं की वारुळाची रचना मुख्यतः वायूंची देवाणघेवाण करते, श्वासासारखी. आतलं तापमान बरंचसं जमिनीच्या तापमानामागे जातं. चुकीच्या समजुतीतून चांगली इमारत झाली. नशीब प्रत्येकाला अशी साथ देत नाही, म्हणून टीममध्ये जीवशास्त्रज्ञ असावा.

सॉफ्टवेअर कंपनीला यातलं काय लागू?

थोडंच. स्टॉकहोममध्ये डेटा सेंटरची वाया जाणारी उष्णता शहराच्या केंद्रीय तापन व्यवस्थेला विकता येते; हे चांगलं आहे, पण चक्रीय आहे. मातीशी संबंध नसेल तर पुनरुज्जीवक शब्दाच्या मागे लागू नये.

छोट्या उद्योगाने सुरुवात कुठून करावी?

बारा महिन्यांची बिलं काढा: पाणी, वीज, इंधन, कच्चा माल, पॅकिंग, कचरा उचलण्याचा खर्च. एका कागदावर डावीकडे काय आत येतं, उजवीकडे काय बाहेर जातं. उजवीकडच्या प्रत्येक ओळीपुढे चार गोष्टी लिहा: तापमान, ओलावा, भेसळ आणि नियमितपणा. घेणारा नेमकं हेच विचारतो.

बिअर बनवणाऱ्या छोट्या कारखान्याचं उदाहरण घ्या. उरलेल्या जवाच्या चोथ्यात तीन-चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं आणि उन्हाळ्यात तो एक-दोन दिवसांत आंबतो. म्हणजे घेणारा जवळचा हवा आणि रोज येणारा हवा. लांबच्या मोठ्या खरेदीदारापेक्षा शेजारचा गोठा परवडतो. वाळवून विकायचं ठरवलं तर इंधन लागतं आणि सगळा फायदा तिथेच जातो. कारखान्यात दुसरीकडे वाया जाणारी उष्णता असेल तरच हा विचार करा. कागद भरताना असे दोन-तीन जोड आपोआप दिसायला लागतात. त्यातला एकच निवडा आणि पहिलं वर्ष त्यावर घाला.

डावी बाजू नंतर. सगळ्यात मोठा कच्चा माल कोणता आणि तो जिथून येतो ती जागा स्वतः जाऊन पाहा. मधल्या दलालाला माहीत नसलेल्या गोष्टी तिथे कळतात.

कोणत्या धंद्याला हे जमणारच नाही?

कोळसा आणि तेल. तिथे आधारच उपसून संपवणं हा धंदा आहे. खाण बुजवून वर झाडं लावली तरी जाळलेला कोळसा परत येत नाही. धातूच्या खाणीत जमीन सावरता येते, खनिज नाही. सिमेंटची अडचण रसायनात आहे: त्याच्या उत्सर्जनातला अर्ध्याहून जास्त भाग इंधनाचा नसतो, भट्टीत चुनखडी फुटताना बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड असतो. सूर्याच्या ऊर्जेवर भट्टी चालवली तरी तो सुटणारच. अशा उद्योगांनी स्वतःला पुनरुज्जीवक म्हणवू नये. सिमेंटमध्ये क्लिंकरचं, म्हणजे चुनखडी भाजून भट्टीतून निघणाऱ्या मुख्य घटकाचं, प्रमाण यंदा किती टक्क्यांनी कमी केलं, एवढं दरवर्षी छापावं.